जागेचे पैसे, घराचे नाहीत

माझा पुतण्या इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या एका खेड्यात घर बघतोय. परवा त्याने जाहिरातीचे फोटो पाठवले. दगडी भिंती, वाकलेल्या तुळया, डोकं आपटेल असा दरवाजा, आणि खाली अभिमानाने छापलेलं : सतराव्या शतकातलं घर. "काका, वय जास्त म्हणून भावही जास्त," तो म्हणाला. मला हसू आलं. त्याच आठवड्यात बऱ्हाणपूरला, इतवाऱ्यातल्या आमच्या आजोबांच्या घराचा सौदा चालला होता.

दलाल आला तो टेप घेऊनच. तोंड १४ फूट, खोली ७०. ओसरी, चौक, माजघर, परसू असं मोजत तो मागच्या भिंतीपर्यंत गेला, पण एकदाही वर मान करून पाहिलं नाही. "जागेचे पैसे मिळतील, घराचे नाहीत. पाडायचा खर्चही त्यातूनच धरा." सागवानी खांब, नक्षीचे हस्त, कडीपाट यांचं गिऱ्हाईक वेगळं. तो लाकूडवाला दुसऱ्या दिवशी आला. ज्या खांबाला टेकून आत्या जन्मभर तांदूळ निवडत आली, त्याचे त्याने आत्यासमोरच घनफूट काढले.

आमच्या गावाला जुन्याचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. शाही किल्ल्यातला हमाम दाखवायला रिक्षावाले एका पायावर तयार. १६३१ साली मुमताज महल इथेच वारली, हे शेंबडं पोरही सांगेल. अब्दुर रहीम खानखानाच्या काळातला कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी योजना, तर २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत जाऊन बसला. पण राहत्या घराला इथे कुणी जुनं म्हणत नाही, पडकं म्हणतात. तिकडे इंग्लंडात १९४७च्या नगररचना कायद्यापासून जुन्या घरांच्या याद्या होत आल्या. यादीतल्या घराचं रूप मालकालाही परवानगीशिवाय बदलता येत नाही. म्हणून विकणारा वय छापतो. आमचा दलाल ते लपवायला सांगतो.

तरी मी फार गळा काढणार नाही. धाब्यावर पावसाळ्याआधी खारी माती टाकायला माणूस मिळत नाही. संडास परसात, रात्री आत्याला कंदील घेऊन जावं लागे, आता बॅटरी. वाटेकरी सात, चार गावांत पांगलेले. मी हळहळलो तेव्हा आत्या म्हणाली, "तुला एवढं आवडतं ना, मग तूच राहा की रे!" मी गप्प बसलो आणि सही केली.

पुतण्याचीही सही लागणार. भाऊ गेल्यापासून तो वाटा त्याचा, आणि ते पैसे तो तिकडच्या घरात घालणार आहे. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "काका, लाकूड वेगळं विकताय ना?"

रजिस्ट्री दसऱ्यानंतर आहे. तोवर कुणाला राहण्यासाठी हे घर घ्यायचं असेल तर जरूर या. खारी टाकणारा माणूस मात्र आधी शोधून ठेवा.