म्हाताऱ्या मनीची सेवा

चाळीच्या मनीने उमेदीत उंदरांपासून आपले धान्य राखले. दहा वर्षांपुढे मांजर म्हातारे होते. मग कधी खाऊनही ते रोडावते, सारखे पाणी पिते. ही मूत्रपिंडे थकल्याची किंवा दुसऱ्या आजाराची खूण असू शकते. अशा वेळी तिला हाकलू नका. जिन्याखाली कोरडे गोणपाट अंथरा, पाण्याचे भांडे भरलेले ठेवा. बिनमिठाची, काटे काढलेली उकडलेली मासळी थोडी थोडी द्या. मात्र आपली तापाची गोळी कधीच देऊ नका; पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. मुंबईकरांसाठी परळला जनावरांचे इस्पितळ आहे. जीव न मारणे हे पहिले शील. थकलेल्या जीवाला सांभाळणे ही त्यातली करुणा. मुले ती आपल्याला पाहूनच शिकतात. जयभीम!