विश्लेषण : थोरलीला प्रवेश, धाकट्याची ‘चाचणी’? नामवंत खासगी शाळांतील भावंडांच्या प्रवेशाबाबत कायदा काय सांगतो?

मुंबई-पुण्यातील मागणी असलेल्या खासगी शाळांचे प्रवेश आता दिवाळीच्या आसपासच सुरू होतात. एक मूल आधीच शाळेत असेल तर दुसऱ्याचा प्रवेश झाल्यातच जमा, असा पालकांचा समज असतो. पण थोरली पहिल्या पाचात येणारी आणि धाकटा अक्षरओळखीतच अडखळणारा असेल, तर ‘आधी मुलाला भेटू, मग सांगू’ असे उत्तर शाळेकडून मिळू शकते. अशा वेळी हक्क कुठपर्यंत आहे आणि कुठे संपतो, हे माहीत असणे गरजेचे ठरते.

भावंडाला त्याच शाळेत प्रवेश मिळणे हा हक्क आहे का?

नाही. शिक्षणहक्क कायदा (आरटीई), २००९ मध्ये भावंडांसाठी वेगळी तरतूद नाही. भावंडांना प्राधान्य हा शाळेच्या प्रवेश धोरणाचा भाग असतो. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळांना अर्जदारांचे वाजवी गट ठरवता येतात. मात्र हे धोरण जाहीर करावे, माहितीपत्रकात छापावे, पालकांच्या शिक्षणावरून मुलाची प्रतवारी करू नये आणि प्रत्येक गटातील निवड सोडतीसारख्या पद्धतीने करावी, असेही त्यात म्हटले आहे. दिल्लीत २०१४-१५ च्या नर्सरी प्रवेशांसाठी १०० पैकी २० गुण भावंड असल्याबद्दल ठेवले होते; नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती सूत्रे रद्द केली. आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवर थोरल्या मुलाला प्रवेश मिळाला असला, तरी धाकट्यासाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा सोडत हाच मार्ग असतो.

मुलाची ‘भेट’ घेऊन त्याला नाकारता येते का?

आरटीईच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही आणि देणगीही घेता येत नाही. सोडतीऐवजी कोणत्याही पद्धतीने एका मुलाला डावलून दुसऱ्याला निवडणे म्हणजे चाळणी, अशी कायद्यातील व्याख्या आहे. त्यामुळे शाळेने तिला परीक्षा न म्हणता ‘संवाद’ किंवा ‘निरीक्षण’ म्हटले, तरी त्यावरून प्रवेश ठरत असेल तर ती चाळणीच. पहिल्या उल्लंघनासाठी २५ हजार आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगी घेतल्यास दंड देणगीच्या दहापट रकमेपर्यंत जातो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये हा कायदा विनाअनुदानित खासगी शाळांनाही लागू असल्याचे मान्य केले. म्हणजे थोरली हुशार म्हणून धाकट्याला घेणे आणि धाकटा मागे म्हणून त्याला नाकारणे, या दोन्ही गोष्टी कायद्यात बसत नाहीत.

मग शाळा निवड करतात कशा?

कायद्याच्या कक्षेत दोन मोठ्या फटी आहेत. पहिली वयाची. आरटीई ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे, तर नामवंत शाळांचे खरे प्रवेशद्वार नर्सरी किंवा ज्युनिअर केजी हे असते. तिथे आत गेलेली मुले पहिलीत आपोआप जातात आणि पहिलीला जागाच उरत नाहीत. २५ टक्के राखीव जागा वगळता खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशांना आरटीई लागू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये म्हटले होते. दुसरी फट अल्पसंख्याक दर्जाची. २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने अल्पसंख्याक शाळा आरटीईच्या बाहेर गेल्या. मुंबईतील अनेक जुन्या, नावाजलेल्या शाळा या गटात येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबाबत शंका व्यक्त करून मोठ्या पीठाकडे विचारार्थ शिफारस केली. म्हणून अर्जापूर्वीच शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का, हे विचारून घ्यावे.

आठवीनंतर काय बदलते?

बरेच काही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. फेरपरीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहू शकते, पण शाळेबाहेर जात नाही. नववीत हे कवच संपते. दहावीचा निकाल शंभर टक्के राखण्यासाठी नववीतच मुलांना अडवले जाते किंवा दाखला काढून नेण्याचा ‘सल्ला’ दिला जातो, अशा तक्रारी पालक करत आले आहेत. अकरावीला गुणांशिवाय पर्याय नाही. २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालेल्या या प्रवेशांत संस्थांतर्गत, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोटा आहे, भावंडांचा नाही. म्हणजे केजीला भावंड म्हणून मिळालेली सवलत अकरावीला कामाला येत नाही. तेव्हा फक्त गुण मोजले जातात.

मुलाला अध्ययन अक्षमता असेल तर?

उशिरा वाचणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. पण शंका असेल तर तपासणी लांबवू नये. डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत समावेश आहे. या कायद्याच्या कलम १६ नुसार मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेनुसार सोयी कराव्यात आणि अध्ययन अक्षमता लवकर ओळखावी, हे अपेक्षित आहे. मुंबईत सायन, केईएम आणि नायर या पालिका रुग्णालयांत तपासणी व प्रमाणपत्राची सोय आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दिव्यांग मुले आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी वंचित घटकात मोडतात आणि त्यांना उत्पन्नाची अट नसते, हे अनेक पालकांना ठाऊकच नसते.

अर्ज करताना काय विचारावे?

भावंडांबाबतचे धोरण लेखी मागावे आणि ते सावत्र वा दत्तक भावंडांना, तसेच शाखा वेगळी असल्यास लागू आहे का, हे पाहावे. शाळेत पूर्णवेळ विशेष शिक्षक आणि समुपदेशक आहेत का, हे विचारावे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत विशेष शिक्षकाची अट आहेच. गेल्या काही वर्षांत आठवीतून नववीत आणि नववीतून दहावीत किती मुले गेली, हा प्रश्न तर विचारायलाच हवा. नकार मिळाला तर कारण लेखी घ्यावे. आरटीईच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका वा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागणे अपेक्षित आहे. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. चाळणीबद्दल खटला भरण्यासाठी मात्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते.

दोघांसाठी एकच शाळा हवीच का?

एकच बस, एकच सुट्टी, एकच पालकसभा, या सोयी खऱ्या आहेत. दोघांना वेगळ्या शाळांत घालणे म्हणजे एकाला कमी लेखणे, अशी भीतीही घराघरांत असते. पण निकालाच्या स्पर्धेवर चालणाऱ्या शाळेत धाकट्याला रोज ताईच्या मोजपट्टीने मोजले गेले, तर त्या सोयीची किंमत तोच मोजतो. दुसरीकडे, चांगले विशेष शिक्षक असलेली शाळा दोघांनाही मानवू शकते. ‘आत घेतील का’ या प्रश्नासोबतच ‘नववीपर्यंत नीट सांभाळतील का’ हेही पालकांनी आजच विचारले पाहिजे. त्याचे उत्तर ठाम नसेल, तर भावंड म्हणून मिळणारी जागा सोडून जवळची दुसरी शाळा निवडणे हा कमीपणा नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ यांचा मार्गही पुढे खुला असतो.