नववी भक्ती आणि बिनभिंतींचे गाव

आषाढी एकादशी जवळ आली की नवविधा भक्तीवर निरूपण करावे, असा आग्रह आम्हांस ठिकठिकाणी होतो. श्रवणापासून आरंभ करून आम्ही नवव्या पायरीवर, आत्मनिवेदनावर येतो, उत्तररंगास बळीचे आख्यान लावतो आणि श्रोते माना डोलावतात. वस्तुतः 'निवेदन' म्हणजे जाणवून देणे. धातू 'विद्', जाणणे. स्वतःला जाणवून देणे ही नववी भक्ती. हा अर्थ व्याकरणाने आम्हांस केव्हाच सांगितला होता. तो अंगी भिनला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरी.

औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली, मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या साहाय्याने, माणदेशच्या या माळावर कैद्यांची खुली वसाहत वसविली. ना तट, ना बेड्या. खुनासारख्या अपराधाची शिक्षा भोगणारा मनुष्य येथे बायकामुलांसह शेती करीत राहत आला आहे. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून निघाला. कथा याच तालुक्यात शेटफळे येथे जन्मलेल्या गदिमांची.

चित्रपटात कैदी आणि अधिकारी यांची गोष्ट आहे. आमचे मन गुंतते ते त्या वसाहतीतील संसारांत. पतीचा अपराध पत्नीस ठाऊक, शेजाऱ्यास ठाऊक, न्यायालयाच्या दप्तरी नोंदलेला. लपविण्यास काही उरलेलेच नाही. तरीही सांजेला चूल पेटते, ताट वाढले जाते.

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या आरंभीच एक कथा आहे. अपराध घडल्यावर आदाम आणि त्याची पत्नी झाडांआड लपतात, आणि ईश्वर 'कोठे आहेस?' म्हणून हाक घालतो. सर्वज्ञास ठाऊक नव्हते काय? होतेच, परंतु लपलेल्याने आपण होऊन ओ द्यावयास हवी होती. कॅथलिक पंथातील पापनिवेदनाच्या मुळाशी आम्हांस हीच हाक ऐकू येते. वाचकांनी नाक मुरडू नये. पांडुरंगाच्या पायी डोके ठेवणारे आपण घरी परतल्यावर सहधर्मचारिणीपाशी किती मोकळे होतो?

आमचेच सांगतो. थोरल्या कन्येच्या विवाहासाठी काढलेले कर्ज आम्ही अकरा वर्षे घरात कळू दिले नाही. बिदागी व्याजात जाई आणि आम्ही 'यंदा यजमानांचा हात आखडता होता' असे सांगत असू. कपाळी बुक्का लावून बोललेले असत्य ते. स्वतंत्रपुराहून परतलो त्या रात्री मात्र सारे सांगून टाकले. कुटुंब शांतपणे म्हणाले, "उपरण्याच्या गाठीतली पावती मी पहिल्याच वर्षी पाहिली. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

कर्ज पुढे फिटले. पण अकरा वर्षे ती एका घरात, एका माणसाशेजारी, एकटी थांबली होती. त्याची फेड कशी करावी, हे आम्हांस कोणत्याही शास्त्रात सापडलेले नाही.

बिदागीचे पाकीट हल्ली तीच फोडते. यंदाही एकादशीस आत्मनिवेदनच सांगावयाचे आहे, आणि ती नेहमीप्रमाणे पुढच्याच रांगेत बसणार आहे.