पाडा, पेठ आणि कँप

इयत्ता आठवीच्या वर्गास आम्हीं यंदा 'माझें राहण्याचें ठिकाण' हा निबंध घातला होता. वह्या तपासतांना दोन ठिकाणीं आमची लेखणी थबकली. बदलापुराकडील एका पाड्यांत राहणाऱ्या मुलानें 'पाडा' हा शब्द प्रथम लिहून मग खोडला होता व त्यावर 'नगर' असें लिहिलें होतें. उल्हासनगरच्या एका मुलीनें पत्त्यांतील 'कँप नंबर चार' हे शब्द गाळून टाकले होते. कारण विचारतां ती म्हणाली, "सर, कँप म्हटलें कीं आम्ही तात्पुरते राहावयास आलों आहों, असें वाटतें." हें उत्तर ऐकून आम्हांस शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षां अधिक वाईट वाटलें. म्हणूनच विद्यार्थ्यांस, आणि विशेषतः त्यांच्या पालकांस, ह्या शब्दांविषयीं चार गोष्टी सांगाव्या असें मनांत आलें.

पाडा हा शब्द कोणीं हिणविण्यासाठीं काढलेला नाहीं. संस्कृतांतील 'पाटक', म्हणजे गांवाचा एक भाग, ह्यापासून तो आला आहे. आळी म्हणजे घरांची ओळ. वाडा व वाडी ह्यांच्या मुळाशीं 'वाट' हा जुना शब्द असून त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. कसबा आणि मोहल्ला हे अरबींतून आले, आणि बाजार भरे ती पेठ झाली. मुंबईंत गिरगांवची खोताची वाडी व माझगांवची माथारपाखाडी ह्या जुन्या ख्रिस्ती वस्त्या आहेत. तेथील लोकांस 'वाडी' आणि 'पाखाडी' हे शब्द सांगतांना कमीपणा वाटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. गोमंतकांत तर वाड्यावरूनच माणसाची ओळख पटते. पुण्याच्या वेताळ पेठेचें नांव मात्र पुढें गुरुवार पेठ झालें. वेताळाच्या नांवानें पत्र मागविणें नकोसें होणें आम्ही समजूं शकतों; पण पेठ ती पेठच राहिली, हें ध्यानांत घ्यावें.

आतां कँपाविषयीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ सैन्याची मोठी छावणी होती. १९४७ सालीं फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारें लाखभर माणसांस त्या छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें ह्या वसाहतीचें 'उल्हासनगर' असें नामकरण झालें. उल्हास नदीवरून तें नांव घेतलें. नांव बदललें, तरी एक ते पांच हे कँप लोकांच्या तोंडीं तसेच राहिले. टपालखात्यानेंही उल्हासनगर एक ते पांच ह्यांस ४२१००१ पासून ४२१००५ पर्यंत ओळीनें अंक दिले आहेत. जुन्या पत्त्यांत बराकीचा नंबर असे, आणि तो कित्येक घरांच्या पत्त्यांत अजूनही आहे. ज्यांच्या आजोबांनीं एका खोलींत पडदा लावून दोन संसार केले, त्यांच्या नातवांस तो अंक लपवावासा कां वाटावा?

शिवाय तात्पुरत्या मुक्कामाचा शब्द कायमच्या शहरास चिकटणें ही नवी गोष्ट नव्हे. मोहल्ला ह्या प्रतिष्ठित शब्दाचें अरबी मूळ पाहिलें, तर ओझें सोडून मुक्काम करण्याची जागा असा अर्थ निघतो. उर्दू भाषेचें नांवच तुर्की भाषेंतील छावणीवाचक शब्दावरून पडलें. विलायतेंतील मँचेस्टर, लँकेस्टर ह्या नांवांच्या शेपटीशीं रोमन सैन्याची छावणीच बसलेली आहे. पवित्र शास्त्रांत उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबानें एका ठिकाणास महनाईम, म्हणजे दोन छावण्या, हें नांव दिलें. पुढें तेथें शहर झालें, आणि अबशालोमापासून पळतांना दावीद राजानें त्याच शहराचा आश्रय घेतला. त्या शहरानें आपलें नांव बदललें नाहीं.

एक आक्षेप मात्र आम्हांस मान्य आहे. कांहीं नांवें खरोखरच अपमानाचीं असतात. गांवोगांवच्या ज्या वाड्यांस जातीचीं नांवें होतीं, तीं दुसऱ्यांनीं दिलेलीं होतीं आणि माणसास गांवाबाहेर ठेवण्यासाठीं होतीं. २०२० सालच्या डिसेंबरांत महाराष्ट्र शासनानें तशीं नांवें बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच झाला. उशीरच झाला म्हणाना. परंतु तेथें दोष जातीच्या नांवाचा होता, 'वाडा' ह्या शब्दाचा नव्हता. कँप हें नांव सैन्यानें दिलें, पण त्यांत बाजार, शाळा आणि कारखाने उभारून निर्वासितांनीं तें आपलें केलें. अंबरनाथच्या लोकांनीं तर 'सेक्शन' हा इंग्रजी शब्द कानसई व वडवली ह्या आपल्या गांवांच्या नांवांस जोडून घेतला, आणि आतां रिक्षावाल्यासही तेंच सांगावें लागतें. रेल्वेच्या केबिनीवरून रस्त्याचें नांव बी-केबिन रोड पडलें, तेंही चाललें आहे.

आम्हांस चिंता वाटते ती निराळीच. ह्या तिन्ही शहरांकडे ज्या धरणाचें पाणी येतें, तें बारवी धरण १९७२ सालचें. पुढें त्याची उंची वाढविली आणि २०१९ सालीं वाढीव उंचीपर्यंत पाणी चढलें. मुरबाड तालुक्यांतील तोंडली, काचकोली ह्यांसारख्या गांवांतील कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. त्यांच्या पाड्यांचीं नांवें कोणीं खोडलीं नाहींत, तीं पाण्याखालीं गेलीं. तीं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं राहतील तितकींच राहतील. आणि इकडे आमचीं मुलें, ज्यांचे पाडे अजून कोरड्या जमिनीवर आहेत, तीं स्वतःच्या हातानें तीं नांवें खोडूं लागलीं आहेत!

त्या मुलाच्या वहींत 'नगर' ह्या शब्दाखालीं आम्हीं तांबड्या शाईनें 'पाडा' असें पुन्हां लिहिलें. गुण कापले नाहींत. त्याच्या पाड्याचें नांव कसें पडलें, हें आजीस विचारून लिहून आणण्यास सांगितलें आहे. वही अजून परत आलेली नाहीं.