पोर पायलट होणार असेल तर...

ढगात शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही. अशा वेळी फक्त समोरच्या काट्यांवर आणि पडद्यावर विसंबून विमान चालवता येतं का, हे पाहणारी परीक्षा म्हणजे ‘इन्स्ट्रुमेंट रेटिंग’. आपल्याकडची काही मुलं शिकायला अमेरिकेला जातात, म्हणून तिथलं आज सांगते.

पूर्वी वाट दाखवायला जमिनीवरची रेडिओ केंद्रंच असत. त्यातली ‘व्हीओआर’ केंद्रं २०१६ च्या सुरुवातीला ८९६ होती. २०३० पर्यंत ती ५९० च्या आसपास आणायचं ठरलं आहे. परीक्षेत मात्र दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर धावपट्टीकडे उतरत येऊन दाखवावं लागतंच. जवळचं केंद्र बंद झालं आणि दुसरं साधन नसलं, की लांबच्या विमानतळावर जावं लागतं. विमानाचं भाडं तासावर. झळ घरच्या खिशाला.

तरी मला वाटतं, जुनं शिकणं वाया जात नाही. उपग्रहाचा संदेश फार क्षीण असतो, कुणी मुद्दामही त्यात अडथळा आणू शकतो. म्हणूनच मुख्य भूमीवरची उरलेली केंद्रं आधाराला ठेवली आहेत. जीपीएस गेलं तरी १०० सागरी मैलांच्या आत, त्याच्याशिवाय उतरता येईल असा एक विमानतळ मिळावा, हा हिशेब.

तेव्हा शाळा निवडताना फीबरोबर एवढंही विचारा: सरावाला व्हीओआर किती लांब? आणि जीपीएस बंद करून किती तास उडवता?