सुई घेतली, मग टेस्ट कशाला?

दिवाळीत किनवटला गेलो होतो. रात्री गच्चीवर शाळेतला मित्र म्हणाला, ‘‘वर्षातून दोन इंजेक्शनं घेतली की एचआयव्हीचं टेन्शन खलास म्हणे. मग टेस्टची कटकट काहून?’’

फंडा सॉलिड, पण अर्धाच! लेनाकापाविरला अमेरिकेत जून २०२५मध्ये मंजुरी मिळाली. एक डोस सहा महिने पुरतो. पण विषाणू आधीच अंगात शिरला असेल, तर हे एकटं औषध त्याला पुरं पडत नाही. उलट तो औषधाला निर्ढावू शकतो. म्हणून प्रत्येक इंजेक्शनाआधी टेस्ट हवीच. त्यासाठी साधी रॅपिड टेस्ट चालते, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२५मध्ये सांगितलंय.

मित्र गप्प. मग हळूच म्हणाला, ‘‘नांदेडला जाऊन करू का? इथं सगळे ओळखतात.’’

खरी गाठ तिथं होती. २०१७चा कायदा सांगतो, संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट गुप्त. सरकारी आयसीटीसीत पैसेही लागत नाहीत. पण कायद्यानं लाज थोडीच जाते?

‘‘चल, आधी माझी करू,’’ मी म्हटलं.

भाऊबीज झाल्यावर दोघं बाकावर बसलो. समोरून गल्लीतले काका गेले. आम्ही नमस्कार केला.