मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज?

आमच्या संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने दोन इलेक्ट्रिक गिटार आणल्या. 'सर, अ‍ॅक्टिव्ह पिकअपच सरस!' मला ते पटेना. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तारेचे वेटोळे. पोलादी तार कंप पावली की त्यात विद्युत्‌दाब प्रेरित होतो. (मिरजेच्या तंबोऱ्यातील पितळी खर्जापुढे तो जवळजवळ मुकाच!) अ‍ॅक्टिव्ह प्रकारात वेढे बहुधा कमी, पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रवर्धक आतच. लांब केबलमधूनही त्याचे उच्च उपस्वर टिकतात, हा गुण खरा. परंतु आवाज मोठा असला की कान फसतो. मित्रांनो, आधी दोन्ही आवाज सारखे करा, मग पाठ फिरवून ऐका. आमच्या पठ्ठ्याने दहापैकी सहा वेळा साधा पिकअपच सरस ठरवला!